शब्दचर्चा : अनैसर्गिक, अतिनैसर्गिक आणि समंध

एका कथासंग्रहाचं भाषांतर करतोय आणि आठवडाभर एकाच शब्दापाशी अडून बसलोय. कथा दोन-तीनशे वर्षं पुढच्या काळातल्या आहेत. अंतराळस्थानकं, समुद्राखालची शहरं वगैरे. नायक दोन, दोघंही पुरुष आणि वयानं प्रौढ. त्यातला एक मेलेला असतो किंवा मुळात माणूसच नसतो. दोघांची एकमेकांविषयीची शारीरिक ओढ हाच कथेचा कणा. इंग्रजीत अशा पुस्तकावर चार विशेषणं ओळीनं लावतात आणि वाचकाला काय ते कळतं. मी मराठीत ‘समलैंगिक कामुक अतिनैसर्गिक भविष्यकथा’ असं लिहिलं, मोठ्यानं वाचलं आणि खोडलं.

खोडलं ते ‘अतिनैसर्गिक’मुळे. १८६० च्या भारतीय दंड संहितेतल्या कलम ३७७ ने निसर्गक्रमाविरुद्धच्या संबंधांना गुन्हा ठरवलं, दोन पुरुषांचे संबंध त्यातच धरले गेले आणि मराठी बातम्यांत त्याचा ‘अनैसर्गिक’ झाला. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी प्रौढांचे संमतीचे संबंध त्या कलमातून बाहेर काढले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर ते कलमच नाही. पण शब्द अजून कानात आहे. ‘अनैसर्गिक’ आणि ‘अतिनैसर्गिक’ यांत फक्त एका ‘ति’चं अंतर. ‘समलैंगिक’ला चिकटून तो शब्द आला की वाचकाचा डोळा ती ‘ति’ गाळून वाचणार. या कथांत जगावेगळं काही असेल तर ते भूत आहे, प्रेम नाही. हे नावातच उलटं झालं तर आतली तीनशे पानं काय करणार?

म्हणून विचारतो : ‘निसर्ग’ न आणता हे कसं म्हणाल? आणि बाकीच्या तीन शब्दांचं काय?

प्रतिसाद : ‘अद्भुत’ घ्या ना सरळ. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ रस आहेत. शृंगार, अद्भुत आणि भयानक हे तिन्ही त्यातलेच. शृंगाराचा स्थायीभाव रती, अद्भुताचा विस्मय, भयानकाचं भय. तुमच्या कथांत हे तिघं एकत्र नांदतात, तर शब्द शोधायला लांब कशाला जायचं? ‘अद्भुत-शृंगार’. ‘कामुक’ मात्र मुळीच नको. मराठीत ‘कामुक’ नजरेला लागतो, तोही दोष देताना. ‘कामुक नजरेनं पाहिलं’ हे कौतुकानं कुणी म्हणत नाही.

मी : ‘कामुक’बद्दल पटलं. ‘शृंगारिक’ची मला एकच भीती होती, की तो फार सोवळा वाटेल, चांदणं, मोगरा आणि पडदा पडला. पण काल होनाजी बाळा आणि राम जोशी काढून वाचले. शृंगारिक लावणी म्हणजे काय हे मराठी माणसाला सांगायला नको, तिथे काहीही झाकलेलं नाही. तेव्हा शब्द सोवळा नव्हता, आपण तो नंतर तसा केला. र. धों. कर्व्यांवर १९३४ मध्ये अश्लीलतेचा खटला चालला, तो त्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या प्रश्नांना सरळ उत्तरं दिली म्हणून, आणि त्या प्रश्नांत समलिंगी संबंधांविषयीचेही होते. त्यांचं वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतलं होतं. नव्वद वर्षांपूर्वी हे सरळ लिहिण्याची धमक मराठीत होती. ‘शृंगारिक’ ठरलं.

प्रतिसाद : पहिल्या शब्दाबद्दल. ‘समलिंगी’ आणि ‘समलैंगिक’ दोन्ही चालतात. मला ‘समलिंगी’ बरा वाटतो, तोंडात बसलाय. ‘समकामी’ काही जण वापरतात, पण त्यात सगळा भर वासनेवर येतो. आमच्या मित्रमंडळीत कुणीच यातलं काही म्हणत नाही, आम्ही ‘गे’ म्हणतो.

मी : बोलताना मीही. छापताना मात्र ‘गे’ची एक अडचण आहे, ती आपल्याच भाषेतली. आपल्याकडे ‘गे’ हे बाईला हाक मारायचं अव्यय आहे. ‘काय गे?’, ‘ये गे’. एका संवादात मी ‘तू गे आहेस?’ असं लिहिलं होतं. माझ्या आत्यानं, वय सत्त्याहत्तर, कच्चा मजकूर वाचला आणि विचारलं, ‘हा त्याला बाईसारखं का बोलावतोय?’ मी समजावून सांगितल्यावर म्हणाली, ‘मग समलिंगी लिही, मला कळेल.’ तिच्यासाठी निवेदनात ‘समलिंगी’ ठेवलंय. संवादात ‘गे’ राहील, पण वाक्याची ठेवण अशी करीन की हाक वाटणार नाही.

प्रतिसाद : मी मालवणकडचा. तुम्ही भुतासाठी काय शब्द वापरताय? नुसतं ‘भूत’ लिहाल तर ते नपुंसकलिंगी. ‘ते आलं, ते हसलं.’ प्रियकराला ‘ते’ म्हणणार काय? आमच्याकडे प्रत्येकाचं नाव वेगळं : देवचार, वेताळ, समंध, खवीस, झोटिंग, मुंजा. सगळे ‘तो’.

मी : तुम्ही दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. भूत ‘ते’, पिशाच्च ‘ते’. विज्ञानाच्या बाजूला तर आणखी पंचाईत : ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ ही ‘ती’. एका कथेत जहाज चालवणारी बुद्धिमत्ता पुरुषाच्या आवाजात बोलते, नायक त्या आवाजावर जीव टाकतो, आणि मी आपला ‘ती म्हणाली’ लिहीत बसलोय. ‘छाया’, ‘प्रतिमा’ त्याही ‘ती’. तिथे त्याला पहिल्याच पानावर नाव दिलं आणि पुढे सगळीकडे ‘तो’.

मुंजा मात्र अजिबात नको. मुंज झाली आणि सोडमुंजीआधी गेला तो मुंजा, म्हणजे पोर. शृंगारकथेच्या आसपासही तो फिरकता कामा नये. देवचार गावाचा राखणदार, त्याचा मान वेगळा. त्याला अशा कथेत ओढणं मला जड जाईल. खवीस, झोटिंग म्हटलं की नुसती दहशत. उरतो समंध.

आणि समंधापाशी मी थांबलोच. समंध म्हणजे ‘संबंध’चंच बोलीतलं रूप. गावाकडे अजून म्हणतात, ‘त्याचा-माझा काय समंध?’ ज्याचा पाश तुटला नाही, जो मेल्यावरही कुणाशी तरी बांधलेला राहिला, तो समंध. मराठीनं नातं, शरीरसंबंध आणि भूत या तिघांना एकच शब्द दिलाय. माझ्या संग्रहातल्या पहिल्या कथेत स्थानकाच्या बाहेर दुरुस्ती करताना मेलेला तंत्रज्ञ रोज रात्री जोडीदाराच्या खोलीत परत येतो. मूळ इंग्रजी शब्दात तो नुसता भूत आहे. मराठीत तो समंध होतो आणि तो का आला हे वेगळं सांगावं लागत नाही.

प्रतिसाद : सुंदर! पण दोन ‘तो’ झाले की प्रणयप्रसंगात कोण कुणाचा हात धरतोय ते कळतं का? ‘त्यानं त्याचा हात त्याच्या मानेवर…’

मी : इथे मराठी आपल्याला हात देते, ‘आपला’ हा शब्द देऊन. ‘त्यानं आपला हात त्याच्या मानेवर ठेवला’ म्हटलं की कर्त्याचा हात कुठला आणि मान कुणाची, दोन्ही साफ. मूळ लेखकाला दर दुसऱ्या ओळीत नावं घ्यावी लागली आहेत, मला निम्मी गाळता आली. शिवाय ‘मी भाळलो’, ‘तू थांबलास’ या क्रियापदांतच दोघांचं पुरुषपण येतं, मुद्दाम सांगावं लागत नाही.

प्रतिसाद : मूळ प्रश्नाकडे. प्रकाराचं नाव वर्णन करणारं असायलाच हवं का? ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी अंतराळ-मालिकेचे चाहते १९७० च्या दशकात तिच्यातल्या कर्क आणि स्पॉक या दोन पुरुषांच्या प्रेमकथा लिहायला लागले, तेव्हा दोन नावांच्या मध्ये तिरपी रेघ मारायचे. त्या रेघेवरून अख्ख्या प्रकाराला ‘स्लॅश’ नाव पडलं. जपानीत अशा पुरुष-पुरुष प्रेमकथांना ‘याओई’, म्हणजे ‘उत्कर्षबिंदू नाही, शेवट नाही, अर्थ नाही’ या तीन शब्दांची आद्याक्षरं. चिनीत ‘दानमेई’, सौंदर्यात बुडून जाणं. अमेरिकी विज्ञानकथालेखक सॅम्युएल डिलेनी यांनी १९६७ च्या कथेत अंतराळवीरांवर भाळणाऱ्यांसाठी ‘फ्रेल्क’ हा शब्दच नवा घडवला, आणि त्या कथेला विज्ञानकथांचा नेब्युला पुरस्कार मिळाला.

मी : मग माझंही ठरलं. मुखपृष्ठावर ‘समंधकथा’, खाली बारीक अक्षरात ‘भविष्यकाळातल्या समलिंगी शृंगारकथा’. ‘अतिनैसर्गिक’ गेला.

आता क्रियापदांचं. पहिल्या खर्ड्यात मी सगळीकडे ‘झपाटणे’ वापरलं होतं. प्रेमालाही चालतं, भुतालाही चालतं, म्हणून खूश होतो. पण झपाटलेल्या माणसाची इच्छा उरत नाही. ‘पछाडणे’, ‘अंगात येणे’, ‘बाधा होणे’, सगळ्यांत तेच. या कथांत तर दार आतून उघडलं जातं, नायक स्वतः होकार देतो. म्हणून नायकासाठी ‘भाळणे’ घेतलंय, आणि ‘झपाटणे’ फक्त त्या एका कथेत ठेवलंय जिथे खरंच जबरदस्ती आहे आणि लेखकानं ती जबरदस्ती म्हणूनच लिहिली आहे.

स्पर्शासाठी शब्द मिळत नव्हता. ज्याला शरीर नाही तो शिवतो कसा? ‘स्पर्श केला’ फार घट्ट, ‘जाणवला’ फार पातळ. शेवटी ‘झोंबणे’ सापडला. गार वारा झोंबतो, मिरची झोंबते, भूतही झोंबतं. वाक्य असं झालंय : ‘दिवे मंद झाले आणि मानेमागे तो झोंबला, आधी गार, मग ऊन.’ देशावरच्या वाचकांनी सांगावं, तुमच्याकडे ‘झोंबणे’ म्हटलं की आधी भांडण आठवतं का? तसं असेल तर हे वाक्य बदलावं लागेल.