फ्लू होऊ नये म्हणून रोज काढा घेतला तर चालतो का? आमच्यात सगळीच खोकालीत

पेठेतली_सून:
नमस्कार मंडळी, जरा सल्ला पाहिजे. कोल्हापुरात शिवाजी पेठेत राहतो आम्ही, एकत्र घर, लहानमोठी मिळून नऊ माणसं. पाऊस लागल्यापासून पंधरा दिवसांत पाच जणं तापानं पडून उठली. सुरुवात धाकट्या दिरांच्या पोरापासून झाली, शाळेतनं आला तोच फणफणलेला, मग माझी पोरगी, मग मी, मग हे, मग जाऊबाई. डॉक्टर म्हणाले फ्लू आहे, आराम करा, पाणी प्या, पॅरासिटामॉल घ्या. अंग असं दुखालंतं की जिना चढताना कठड्याला धरून उभी राहायची.

आता काळजी सासूबाईंची. वय ६८, शुगर आणि बीपी दोन्ही. त्या अजून वाचल्यात आणि त्यांचं म्हणणं असं की त्या काढ्यानंच वाचल्यात. रोज देवपूजा आटपली की गॅसवर पितळी पातेलं चढतं, त्यात तुळस, गवती चहा, आलं, मिरं, दालचिनी, शिवाय काष्ठौषधीच्या दुकानातनं आणलेल्या पुडीतली कसली कसली मुळं आणि वर गुळाचा हा एवढा खडा. उकळून निम्मं झालं की चारी पोरांना भिंतीकडंनं रांगेत बसवतात आणि एका वाटीनं एकेकाला घोट घोट पाजतात, उरलेलं शेवटी स्वतः पितात. वास पार तिकटीपर्यंत जातो.

तर विचारायचं हे की असा काढा रोज दोन वेळा घेतला तर चालतो का? आणि परत परत लागण होऊ नये म्हणून तुम्ही घरात काय करता? कृपया व्हॉट्सअॅपचे फॉरवर्ड नकोत, ते मामांजींकडनं रोज सकाळी सहाला येतात.

अळणी_प्रेमी:
वहिनी काढा राहू दे बाजूला, मटणाचं अळणी पाजा गरम गरम, वरनं जरा मिरपूड. दोन दिवसांत माणूस रंकाळ्याला चक्कर मारून येतंय 😄 चेष्टा नाही, मला गेल्या वर्षी झालेलं तेव्हा तोंडाला चवच नव्हती, भात बघितला की नको वाटायचं, पण अळणी तेवढं जायचं. पाणी पण पोटात जातं, मीठ पण जातं. तांबडा रस्सा मात्र नको, घसा आधीच सोललेला असतोय, मी केलाय तो शहाणपणा.

मंगळवारातली_आत्ती:
अगं बाई, काढा चांगलाच की. आमच्या सासूबाई करायच्या तोच मी अजून करतो. चार कप पाण्याला तुळशीची दहा-बारा पानं, बोटाच्या पेराएवढं आलं ठेचून, चार मिरी, दालचिनीचा अर्ध्या बोटाएवढा तुकडा, गवती चहाच्या दोन पाती गाठ मारून. दोन कप राहिला की गॅस बंद. आणि झाकण ठेवून उकळायचं, उघडं ठेवलं की सगळा वास घरात फिरतोय आणि कपात नुसतं तिखट पाणी येतंय. तुमचा वास तिकटीपर्यंत जातोय म्हणजे तुमच्या सासूबाई उघडंच ठेवत असणार बघ!

पण खरं सांगतो, मी तो खोकला झाल्यावर करतो, रोज नाही. उन्हाळ्यात एकदा महिनाभर रोज घेतला तर छातीत अशी जळजळ सुटली की रात्री बसून काढाय लागली. आणि शुगरवाल्या माणसाला गूळ कशाला घालालाय? आपल्याला वाटतंय गूळ म्हणजे औषध, कोल्हापूरचा गूळ आहे म्हणून काय शुगर वाढायची थांबती व्हय? त्यांचा कप आधी काढून ठेव आणि मग पोरांच्यात गूळ टाक.

खोकल्याला आम्ही अडुळसा करतो. माहेरी शेताच्या बांधाला कुंपणच अडुळशाचं आहे, जनावरं तोंड लावत नाहीत त्याला. पानं तव्यावर मऊ होईपर्यंत शेकायची, फडक्यात पिळायची, चमचाभर रस आणि मध. कडू जहर असतंय पण कफ सुटतो. पोटुशी बाईला मात्र अजिबात द्यायचं नाही.

गोळ्यांच्या_दुकानातला:
आत्ती म्हणतात ते बरोबर. अडुळशात व्हॅसिसिन म्हणून घटक असतो, त्याच्यावरनंच पुढं ब्रोमहेक्झिन हे कफ पातळ करायचं औषध तयार झालं, आज कितीतरी खोकल्याच्या बाटल्यांवर ते नाव दिसतं. गर्भपिशवीवर त्याचा परिणाम होतो म्हणून गरोदरपणात नको. म्हणजे झाडपाल्यात दम नाही असं मी म्हणत नाही, उलट दम आहे म्हणूनच जपून.

ताई, त्या पुडीत काय काय आहे ते आधी बघा. मुळाच्या पिवळसर काड्या, चघळल्या की गोड लागतात, असं असेल तर ते ज्येष्ठमध. घसा दुखताना दोन-चार दिवस चघळलं तर काही होत नाही पण रोज काढ्यात, तेही बीपीच्या माणसाला, अजिबात नको. ज्येष्ठमधानं अंगात मीठ आणि पाणी धरून राहतं, पोटॅशियम खाली येतं आणि बीपी चढतं. बीपीसाठी लघवीची गोळी चालू असेल तर पोटॅशियम अजूनच उतरतं. माझ्या स्वतःच्या वडिलांचं झालंय हे, मी औषधाच्या दुकानात बसतोय आणि माझ्याच घरात मला पत्ता नाही. पायावर सूज, बोटानं दाबलं की खळगा तसाच राहायचा, बीपी १७०. गोळी बदलून झाली, मीठ तोडून झालं आणि शेवटी कळलं की आई तीन आठवडे चहात ज्येष्ठमधाची पूड घालालीय. बंद केल्यावर हळूहळू उतरलं.

दुसरं गुळवेल. दुकानात अजून लोक येतात, इम्युनिटीसाठी द्या म्हणून. २०२१ ला मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा पेशंटांच्या लिव्हरला त्रास झाल्याचं लिहिलं होतं, त्यावर आयुष मंत्रालय म्हणालं की तशीच दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असणार. कोण बरोबर ते त्यांचं त्यांना, पण वाळलेल्या खोडाचे तुकडे बघून ही कुठली वेल हे तुम्हाला ओळखता येणार आहे का? मला तर येत नाही.

रक्त पातळ व्हायची गोळी चालू असेल तर हळद, आलं, दालचिनी जेवणात असते तेवढी ठीक, काढे आणि कॅप्सूल डॉक्टरला विचारल्याशिवाय नको. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध नाही म्हणजे नाही, चाटवायला सुद्धा नाही, त्यातनं बॉटुलिझम, म्हणजे अंग लुळं पडायची विषबाधा, होऊ शकतो.

तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर, काढ्यानं घशाला आराम पडतो, गरम पोटात जातं, नाक मोकळं वाटतं. फ्लूचा व्हायरस अडत नाही.

खडूवाली_बाई:
सगळे पातेल्यात काय आहे ते बघालेत, मी त्या वाटीवरच अडकलीय. चार पोरांच्या तोंडाला लागलेली एकच वाटी आणि शेवटचा घोट ६८ वर्षांच्या शुगरवाल्या आजींचा? अहो काढा पाजताय का फ्लू वाटताय? 🙏 रागावू नका, आमच्यात पण तांब्या एकच असायचा, वरनं पाणी ओतून प्यायचं म्हणून चालायचं.

मी प्राथमिकच्या वर्गावर आहे. फ्लूची गंमत अशी की लागण झाल्यावर एक ते चार दिवसांनी त्रास सुरू होतो, आणि ताप यायच्या आदल्या दिवसापासनंच ते पोर दुसऱ्याला देऊ शकतं. म्हणजे रांगेत बसलेलं हसतंखेळतं पोर पण कामाला लागलेलं असू शकतं. पुढं पाच ते सात दिवस हे चालतं, लहान पोरांत जास्तच. आणि आमच्यात पालक काय करतात, सकाळी तापाचं औषध पाजून शाळेत पाठवतात, अकरा वाजता औषध उतरलं की पोर बाकावर डोकं टाकतं. तोवर शेजारच्याशी डबा वाटून खाऊन झालेला असतो. औषधाशिवाय चोवीस तास ताप नाही, तेव्हा शाळेत पाठवा, एवढं जरी केलं तरी माझा अर्धा वर्ग वाचेल.

रिक्षा पण बघा. पावसाचं दोन्ही बाजूंनी प्लॅस्टिक खाली सोडलेलं, आत आठ पोरं दप्तरासकट, एक शिंकलं की काम तमाम. आमच्या रिक्षामामांना सांगून एका बाजूचा पडदा अर्धा गुंडाळायला लावला, एक-दोघी आया भांडायला आल्या पोरगं भिजतंय म्हणून, पण भिजून फ्लू होत नाही हो, फ्लू माणसाकडनं येतो. पावसात सगळे दारं-खिडक्या लावून एका खोलीत बसतात म्हणून वाढतो.

घरात आमच्यात बेसिनपाशी एकच पंचा असायचा, सगळं घर त्यालाच तोंड पुसायचं. तो काढला. आता ज्याचा त्याचा नॅपकिन, वेगवेगळ्या रंगाचा. हात साबणानं वीस सेकंद, बोटांच्या मधनं आणि अंगठा, पोरं अंगठा कायम विसरतात. शिंक आली की कोपरात. रुमालात शिंकून तोच रुमाल खिशात आणि त्याच हातानं प्रसाद, हे आपल्याकडं फार चालतं.

अळणी_प्रेमी:
बाई, मी २००९ च्या आठवणी सांगतो. तेव्हा पुण्यात स्वाइन फ्लूनं देशातला पहिला मृत्यू झालेला आणि आमच्या गल्लीत बघावं तो गळ्यात कापूर-वेलदोड्याची पुरचुंडी बांधून. मी कॉलेजला होतो, वर्गात देवळात बसल्यागत वास. कुणाचा फ्लू थांबला माहीत नाही, ढेकूण मात्र पळाले असतील.

गोळ्यांच्या_दुकानातला:
पुरचुंडी बांधा पण लहान पोरांच्या हाताला लागू देऊ नका. कापराचा तुकडा पोटात गेला तर पोराला झटके येऊ शकतात. वाफेचं पण तसंच, उकळत्या पाण्याचं पातेलं मांडीपाशी घेऊन पोराला चादरीत कोंबायचं नाही, लवंडलं की भाजतं. वाफेनं नाक सुटतं, व्हायरस मरत नाही.

पेठेतली_सून:
सगळ्यांचे आभार. पुडी बघितली. पिवळ्या काड्या होत्या, मी एक चघळून बघितली, गोड! सासूबाईंचं बीपी घरच्या मशीनवर दोनदा घेतलं, १५८ आणि १६२, एरवी १३० च्या आसपास असतं. डॉक्टरना फोन केला, ते म्हणाले काढा आजपासून बंद आणि उद्या येऊन पोटॅशियमची टेस्ट करा.

आता हे त्यांना सांगायचं कसं हा प्रश्न होता. मी बोलले असते तर कालची पोरगी मला शिकवती म्हणाल्या असत्या. म्हणून मी फक्त वाटीचा विषय काढला, शिव्या खायची तयारी ठेवून खडूवाल्या बाईंचं वाक्य जसंच्या तसं वाचून दाखवलं. सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. संध्याकाळी पिशवी घेऊन महाद्वार रोडला गेल्या आणि भांड्याच्या दुकानातनं स्टीलच्या पाच वाट्या घेऊन आल्या, चार पोरांच्या आणि एक स्वतःची, प्रत्येकीवर मशीननं नाव घालून! धाकट्याच्या नावात वेलांटी चुकलीय म्हणून तो रडून गोंधळ घालालाय, ते वेगळंच. ज्येष्ठमधाचं हे बोलले, लेकाचं ऐकलं. पुडी देव्हाऱ्याखाली ठेवलीय, टाकली नाहीये.

आता लशीचं सांगा. डॉक्टर म्हणाले आईंना फ्लूची लस देऊन टाका. त्यांना भीती की लस घेतली की फ्लू होतो, शेजारच्या काकूंना झालेला म्हणे.

गोळ्यांच्या_दुकानातला:
लशीनं फ्लू होत नाही, त्या इंजेक्शनमध्ये जिवंत व्हायरस नसतो. दंड दुखतो, एखादा दिवस कणकण येते. संरक्षण यायला साधारण दोन आठवडे लागतात, त्या मधल्या काळात कुणाकडनं लागण झाली की नाव लशीचं होतं, काकूंचं तसंच झालं असेल. व्हायरस रूप बदलत राहतो म्हणून दरवर्षी घ्यावी लागते. आपल्याकडं पावसात साथ वाढते त्यामुळं एप्रिल-मेमध्ये घेतली तर उत्तम, पण राहिली असेल तर आता घेतली तरी चालेल. ६५ च्या पुढचे, शुगर, दमा, हार्टवाले, गरोदर बायका यांनी तरी घ्यावीच. नऊ वर्षांच्या आतल्या पोराला पहिल्यांदाच देत असाल तर चार आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस. लस घेऊनही फ्लू होऊ शकतो, पण दवाखान्यात ॲडमिट व्हायची वेळ कमी येते.

आणि आजींना ताप आलाच तर दोन दिवस काढ्यावर बघू असं करू नका. फ्लूवरची व्हायरसची गोळी असते, ऑसेल्टामिविर, ती पहिल्या ४८ तासांत सुरू केली तर जास्त उपयोग. डॉक्टरच्या चिठ्ठीवरच. दुकानात येऊन ॲन्टिबायोटिक द्या म्हणू नका, ते व्हायरसवर चालत नाही, मी रोज दहा जणांशी यावरनं वाद घालतोय. पोरांना ॲस्पिरिन नाही. दम लागला, छातीत दुखालं, माणूस गुंगीत बडबडाय लागलं, ओठ निळे पडले, किंवा ताप उतरून परत जोरात चढला, तर थेट दवाखाना.

मंगळवारातली_आत्ती:
नावं घातलेल्या वाट्या! लई भारी बाई आहे तुझी सासू. तिला सांग, ज्येष्ठमध नको पण तुळस, आलं, गवती चहा चालू दे, पातळ करून, चहासारखा. एकदम सगळंच काढून घेऊ नको तिच्याकडनं. आणि झाकण ठेव म्हणावं.

पेठेतली_सून:
झाकण ठेवलं आज 😄 पोटॅशियम जरा कमीच निघालं, डॉक्टरनी गोळी बदलून दिलीय, आठवड्यानं परत टेस्ट. लशीसाठी शनिवारची वेळ घेतलीय. सासूबाईंची अट आहे, आधी तू घ्यायची, दोन तास तुझ्याकडं बघणार, मग मी. म्हणजे दवाखान्यात डबा घेऊनच जावं लागणार दिसतंय.