आईला पेम्फिगस निघाला, डेस्मोग्लिन १ आणि ३ दोन्ही पॉझिटिव्ह, नागपुरात पुढे काय करावं?

प्रतापनगरवाला: आईच्या तोंडात बरेच महिने फोड होते, बी कॉम्प्लेक्स झालं, जेल झालं, दातवाल्याकडे पण नेलं, मग पाठीवर पाण्याचे फोड आले आणि फुटून सालटं निघायला लागली. बायोप्सीत पेम्फिगस व्हल्गॅरिस आलं. स्टिरॉइड सुरू आहे, आता डॉक्टर रिटुक्सिमॅब इंजेक्शनचं म्हणून राहिले. हे डेस्मोग्लिन काय आहे कोणी साध्या भाषेत सांगा ना. सेकंड ओपिनियन कुठे घ्यावं? घरचे घाबरून राहिले की आपल्याला पण लागते का.

स्किनची_रेसिडेंट: लागत नाही दादा, अजिबात नाही, आईजवळ बिनधास्त बसा. डेस्मोग्लिन म्हणजे कातडीच्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं प्रोटीन. या आजारात शरीराचीच आयजीजी अँटीबॉडी त्याला चिकटते, पकड सुटते आणि मधल्या फटीत पाणी भरतं. तोंडात आतून सगळी भिस्त ३ वर असते म्हणून नुसता ३ पॉझिटिव्ह असला तर त्रास जास्त करून तोंडातच राहतो, पण कातडीत १ आणि ३ एकमेकांचं काम सांभाळून घेतात, दोघांवरही हल्ला झाला की मग अंगावर पण फोड येतात, आईंचं तेच झालंय. नुसता १ असता तर तो पेम्फिगस फोलिएशियस, त्यात तोंड बहुतेक साफ असतं.
डीआयएफ, म्हणजे कातडीत चिकटलेली अँटीबॉडी दाखवणारी बायोप्सीची टेस्ट, झालं का? त्याला फोडाच्या बाजूची चांगली दिसणारी कातडी घेतात, आणि तो तुकडा फॉर्मलिनमध्ये टाकला की टेस्ट वाया जाते.

मानेवाडा_ताई: मी स्वतः याची पेशंट आहे. रिटुक्सिमॅबला घाबरू नका, अमेरिकेत 2018 मध्ये याच आजारासाठी मंजुरी मिळाली आणि आपल्याकडे त्याचं बायोसिमिलर, म्हणजे दुसऱ्या कंपनीने बनवलेलं तसंच औषध, पण मिळतं. अँटीबॉडी बनवणाऱ्या बी पेशींवरच ते काम करते. फक्त आधी हिपॅटायटिस बी आणि टीबीची तपासणी झालीच पाहिजे, आणि बरं वाटलं म्हणून स्टिरॉइड मनाने एकदम बंद करू नका, खूप महागात पडते. तर्री, मिरची, कडक टोस्ट सध्या बंद, थंड दही-भात द्या. चादरीला कातडी चिकटत असेल तर वॉर्डात केळीचं पान अंथरतात, डॉक्टरांना विचारून घरी पण करता येईल.

स्किनची_रेसिडेंट: सेकंड ओपिनियनला मेडिकल (जीएमसी), मेयो (ही दोन्ही सरकारी मेडिकल कॉलेजं) किंवा मिहानचं एम्स, तिन्हीकडे स्किनची ओपीडी आहे. आईंना ताप आला किंवा जखमेतून पू आला तर मात्र ओपीडीची वाट पाहू नका, सरळ कॅज्युअल्टीत न्या.

प्रतापनगरवाला: खूप आभार बाप्पा, जीवात जीव आला. डीआयएफ झालंच नाही. सोमवारी मेडिकलला नेतो. हिपॅटायटिसची टेस्ट बाहेरून करून नेऊ का?

मानेवाडा_ताई: काहून पैसे घालता, आधी तिथे दाखवा. पण जुन्या बायोप्सीची स्लाइड आणि ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) लॅबमधून मागून घ्या, नुसत्या रिपोर्टवर भागत नाही.