गाडी मोठ्या अपघातातून गेलीय का हे घ्यायच्या आधी कसं ओळखायचं? मालक म्हणतात फक्त स्क्रॅच होता

पहाटवारा:
नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच गाडी घेतेय आणि तीपण वापरलेली, त्यामुळे धाकधूक आहे. सहा वर्षांची पेट्रोल हॅचबॅक, ५२,००० किमी, एकच मालक. चालवून बघितली, इंजिन शांत आहे, आतून अगदी स्वच्छ ठेवलीय. पण उन्हात उभी होती तेव्हा डावीकडचा मागचा दरवाजा किंचित वेगळा वाटला, रंग तोच पण चमक वेगळी. विचारलं तर मालक म्हणाले स्क्रॅच पडला होता म्हणून रंगवून घेतला, बाकी गाडीला काही झालेलं नाही. माणूस सरळ वाटला पण मला त्यातलं काही कळत नाही. गाडीत आई बसणार, पुतणी बसणार, त्यामुळे दिसायला थोडी कमी चालेल पण मोठी ठोकलेली नको. रविवारी पुन्हा बघायला जाणारे. मेकॅनिक बरोबर नेतेय पण तो इंजिनवाला, बॉडीचं फारसं कळत नाही असं तो स्वतःच म्हणाला. कुठे कुठे बघू?

लालदिवा:
ताई, मी यात पोळलोय म्हणून एकच गोष्ट सांगतो, एअरबॅगचा दिवा. चार वर्षांपूर्वी एका विक्रेत्याकडून गाडी घेतली, सात-आठ महिन्यांनी हॉर्न वाजेना म्हणून स्टेअरिंग उघडलं तर आत एअरबॅगच नाही, नुसतं कव्हर बसवलेलं आणि मीटरमधल्या दिव्यावर आतून काळी पट्टी चिकटवलेली. तेवढे महिने मी मुलांना घेऊन हायवेला जात होतो, आठवलं की अजून पोटात गोळा येतो.
तर इग्निशन ऑन करा, इंजिन सुरू करू नका. एअरबॅगचा दिवा लागला पाहिजे आणि काही सेकंदांनी आपोआप विझला पाहिजे. लागलाच नाही तर गडबड, विझला नाही तरी गडबड. आणि ऑइलच्या दिव्याबरोबर, इंजिन सुरू केल्यावरच विझत असेल तर वायर त्याला जोडून दिलेली असू शकते. सगळे सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, अडकतायत का, परत नीट आत जातायत का. बेल्टवर बहुतेक वेळा खालच्या टोकाला लेबल असतं, त्यावर बनवल्याची तारीख मिळते. एकाच बेल्टची तारीख गाडीच्या नंतरची असेल तर तो का बदलला ते विचाराच.

पत्राकाम:
ताई, मी १४ वर्षं बॉडी शॉपला काढली, त्यामुळे जरा लांबण लावतो.
पहिलं म्हणजे एक दरवाजा रंगवलाय म्हणून घाबरू नका, सहा वर्षांत कुणाची ना कुणाची घासतेच. दरवाजा, बंपर, फेंडर हे बोल्टवर बसलेले भाग, बदलता येतात. भीती आहे ती गाडीच्या सांगाड्याची, म्हणजे पुढचे मागचे चॅसिस लेग (खालचे लांब आडवे दांडे), एप्रन (बॉनेटखाली इंजिनच्या दोन्ही बाजूंचा आतला पत्रा), पिलर (छप्पर धरणारे दरवाजांमधले उभे खांब), खालचा फ्लोअर. धडकेचा मार तिथे पोचला असेल तर पुन्हा कधी धडक बसली तर तो भाग कसा चेपेल याची खात्री कुणीच देऊ शकत नाही, मीही देणार नाही आणि मी असली कामं केलेली आहेत.
गाडी धुतलेली आणि कोरडी हवी, दिवसाउजेडी बघा. ओल्या गाडीवर काहीच दिसत नाही, मालकाने नेमकी तेव्हाच पाणी मारून ठेवली असेल तर सुकेपर्यंत थांबा. कोपऱ्यात उकिडवं बसून गाडीच्या लांबीने नजर टाका, आरशासारखं प्रतिबिंब कुठे लहरतंय ते बघा, लहर आहे तिथे पुट्टी, म्हणजे पोचा भरायचा लगदा, असण्याची शक्यता जास्त. मग दरवाजाच्या रबर बीडिंगच्या आत बोट फिरवा, रंगाचे कण नाहीतर मास्किंग टेपची धार हाताला लागते.
बॉनेट उघडा. बिजागरीचे आणि फेंडरचे बोल्ट बघा, कंपनीत बॉडीबरोबरच रंगतात त्यामुळे डोक्यावर रंग अखंड असतो. पाना लागला की कोपऱ्यावरचा रंग उडतो. रंग उडालेला दिसला की तो भाग उघडला गेलाय एवढं नक्की, का उघडला ते पुढे शोधायचं. रेडिएटर ज्या पट्टीवर बसतो ती सरळ आहे का, दोन्ही हेडलाइट सारखेच जुने दिसतात का, की एक पिवळट आणि एक लखलखीत.
आणि जिथे कुणी बघत नाही ती जागा म्हणजे डिकी. मॅट काढा, स्टेपनी बाहेर काढा, टॉर्च घेऊन खालचा पत्रा बघा. मागून धडक बसली की तिथे सुरकुत्या पडतात आणि त्या पूर्ण काढणं फार अवघड. पत्र्यांच्या सांध्यांत भरलेलं कंपनीचं सीलंट एकसारखं असतं, दोन्ही बाजूंना जवळपास तसंच, हाताने भरलेलं जाड-बारीक होतं. कडेने स्पॉट वेल्डचे, म्हणजे दोन पत्रे ठिपक्याठिपक्याने जोडल्याचे, गोल खळगे ठरावीक अंतरावर दिसतात, मध्येच ते गायब असतील किंवा ग्राइंडर मारल्याच्या खुणा असतील तर तिथला पत्रा कापून नवीन लावलाय. असं दिसलं तर सरळ निघून या, किंमत कितीही कमी करून देत असले तरी.

चौथा_गिअर:
पत्राकाम यांनी सगळं सांगितलंच आहे, मी कागदांचं सांगतो. चेसिस नंबर बॉडीवर कोरलेला असतो तो कागदाशी अक्षर न अक्षर जुळवा, १७ अक्षरी असतो आणि त्यात आय, ओ, क्यू कधीच नसतात. तो नंबर देऊन सर्व्हिस सेंटरला मालकासमोरच हिस्टरी मागा, बॉडी रिपेअरची नोंद आहे का बघा. इन्शुरन्सच्या क्लेमची माहितीही मागा, फक्त क्लेम नाही म्हणजे अपघात नाही असं धरू नका, लोक खिशातून पैसे देऊनही काम करून घेतात.
स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले एरर वाचायचं यंत्र, लावणार असाल तर एरर आहेत का एवढंच बघू नका, एरर पुसल्यापासून गाडी किती किमी चाललीय तेपण बहुतेक गाड्यांत दिसतं. तो आकडा १०-१५ किमी असेल तर कालच कुणीतरी पुसलेत. बॅटरी काढली तरी काही गाड्यांत तो शून्यावर येतो, म्हणून आधी विचारा.
काचांवरचे शिक्के बघा, कंपनी आणि वर्ष. समोरची काच दगड लागूनही बदलते, त्याला फार किंमत देऊ नका. बाकी काचांतली एकच वेगळी निघाली तर त्या बाजूला नीट बघा.

पहाटवारा:
सगळ्यांचे मनापासून आभार, सगळं वहीत लिहून घेतलंय. एका ओळखीच्यांकडे पेंटची जाडी मोजायचं मीटर आहे, ते देतायत. त्यावर किती आलं तर काय समजायचं?

पत्राकाम:
मीटर मिळतंय तर फारच छान. आधी छपरावर घ्या, ते सहसा कोणी रंगवत नाही, तो तुमचा आधार. कंपनीचा रंग साधारण ८० ते १५० मायक्रॉन भरतो. २०० ते ३०० आलं तर वरून पुन्हा रंगवलंय. ५०० च्या पुढे गेलं की खाली पुट्टी आहे, हजाराच्या पुढे म्हणजे चांगलीच थापलीय. एका पॅनेलवर पाच-सहा ठिकाणी लावा, पुट्टी एकाच कोपऱ्यात असू शकते. प्लास्टिकच्या बंपरवर चालणार नाही. दरवाजा उघडून पिलरवर नक्की लावा, स्क्रॅच काढायला पिलर रंगवायची वेळ येत नाही.

पहाटवारा:
जाऊन आले. एअरबॅगचा दिवा लागला आणि विझला, बेल्ट सगळे ठीक. छप्पर ११०, तो दरवाजा २३० ते २६०, म्हणजे मालक दरवाजाबद्दल खरंच बोलत होते आणि मला बरं वाटलं. पण मागच्या डाव्या पिलरवर खाली ६४० आलं. तीनदा लावलं, तेवढंच. मग स्टेपनी काढली तर डाव्या बाजूला पत्र्यावर दोन सुरकुत्या आणि सीलंट उजव्या बाजूपेक्षा जाड, बोटांचे ठसे दिसतील असं. मागची काचपण दोन वर्षं नंतरची. मालकांना दाखवलं तर थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले की धाकट्या भावाच्या हातून सिग्नलला मागून ट्रकने ठोकलं होतं, काम चांगलं करून घेतलंय म्हणून सांगितलं नाही. किंमत बरीच कमी करायला तयार झाले. मी नको म्हणाले.
वाईट वाटलं कारण गाडी आवडली होती. पुढच्या आठवड्यात दुसरी बघायला जातेय, मीटर अजून माझ्याकडेच आहे.

पत्राकाम:
बरोबर केलंत ताई. पुढच्या गाडीची स्टेपनी सगळ्यात आधी काढा, आकडे इथे टाका, मी बघतो.