२२ लाखांत आधी कोण: स्ट्रायकर, स्टॉपर की गोलकीपर?

डिचोली_लेफ्टविंग
उत्तर गोव्यातल्या एका फुटबॉल क्लबासाठी विचारतोय. यंदा आम्ही वरच्या डिव्हिजनमध्ये चढलो. मागच्या सीझनला १६ सामन्यांत २७ गोल मारले, २४ खाल्ले. खाल्लेल्यांतले ११ कॉर्नर, फ्रीकिक आणि लांब थ्रोवर. खेळाडूंसाठी ६ महिन्यांचं बजेट २२ लाख. जुने १६ जण राहतायत, सरासरी १२ हजार महिना. कमिटीत बहुतेकांचं म्हणणं, परदेशी स्ट्रायकर आणला की बाकी जुळून येईल. मला स्टॉपर, म्हणजे मधला डिफेंडर, हवासा वाटतो. गोलकीपर २० वर्षांचा आहे, शॉट छान अडवतो, पण क्रॉसला, म्हणजे कडेने आलेल्या उंच चेंडूला, गोललाइन सोडत नाही. लेफ्ट बॅकला, म्हणजे डावीकडच्या बचावात, उजव्या पायाचा मुलगा खेळतोय. शिवाय कडेने हल्ला करणाऱ्या १९ वर्षांच्या विंगरवर मोठ्या क्लबांचा डोळा आहे, त्याचा करार पुढच्या मे अखेरीस संपतो. नोंदणी बंद व्हायला ५ आठवडे आहेत. पैसा आधी कुठे घालावा?

फातोर्डा_गॅलरी
स्टॉपर शोधायला निघण्याआधी ते ११ गोल पुन्हा बघा. प्रत्येक गोलापुढे तीन गोष्टी लिहा: चेंडू कुठे उतरला, पहिलं हेडर कोणी घेतलं, आणि गोल त्याच हेडरवर झाला की सुटलेल्या चेंडूवर. गोलसमोरच्या सहा यार्डांच्या बॉक्समध्ये उतरलेले चेंडू कीपरचे. फर्स्ट पोस्टवर, म्हणजे चेंडू येतो त्या बाजूच्या खांबाजवळ, कोणी उडी न मारता झालेले गोल खेळाडू उभे करण्यातली चूक. तिथे पैसा लागत नाही, आठवड्यातून दोनदा २० मिनिटं सराव लागतो. पेनल्टी बॉक्सच्या टोकाला चेंडू पडून मागून शॉट आला असेल तर कमतरता डिफेन्सिव्ह हाफची, म्हणजे बचावापुढे खेळणाऱ्या मिडफिल्डरची, आहे. तिथे कितीही उंच स्टॉपर आणला तरी गोल होतच राहतील.

कमिटीला २०१९ ची आयएसएल (इंडियन सुपर लीग) फायनल दाखवा. त्या सीझनलाही सर्वाधिक गोलांचा गोल्डन बूट आपल्या कोरोकडे, एफसी गोवाच्या स्ट्रायकरकडे, होता, एफसी गोवाइतकं देखणं आक्रमण कोणाचं नव्हतं. तरी एक्स्ट्रा टाइमच्या शेवटाला एक कॉर्नर आला, राहुल भेकेचं हेडर, आणि ट्रॉफी बेंगळुरूला गेली. ती जखम अजून भरलेली नाही.

ट्रायल घ्याल तेव्हा स्टॉपरची नुसती उंची मोजू नका. ४० मीटरवरून २० लांब चेंडू मारा, अंगाला अंग लावणारा एक फॉरवर्ड सोबत ठेवा, आणि किती हेडर जिंकली त्यापेक्षा जिंकलेली कुठे पडली ते लिहा. सरळ मध्यभागी चेंडू देणारा स्टॉपर दुसरं संकट उभं करतो. ट्रायल ओल्या मैदानावरच घ्या. पाणी साचलेल्या गवतावर चेंडू मध्येच अडतो, म्हापशाच्या दुलेर स्टेडियमच्या कृत्रिम टर्फवर तोच घसरून पुढे पळतो. फक्त टर्फवर पारखलेला खेळाडू चिखलात अर्धं पाऊल मागे पडतो.

सासष्टीचा_हिशेबनीस
हिशेब मांडतो, नव्या खेळाडूंचे आकडे अंदाजाचे आहेत, तुमचे घालून बघा. जुने १६ जण म्हणजे महिना १,९२,०००, सहा महिन्यांचे ११,५२,०००. उरले १०,४८,०००. त्यातले ३ लाख, म्हणजे नवे धरून साधारण एका महिन्याचा पगार, वेगळ्या खात्यात टाका आणि विसरा. स्पॉन्सरचा दुसरा हप्ता उशिरा येतोच. हातात राहिले साडेसात.

परदेशी स्ट्रायकर ७० हजारांत मिळाला तरी पगार ४,२०,०००. फ्लॅट १८ हजारांनी १,०८,०००, आणि करार आत्ताच पूर्ण सीझनचा करा. नोव्हेंबरला पर्यटक आले की घरमालक भाडं वाढवतो. तिकिटं, व्हिसा, विमा मिळून लाखभर धरा. झाले ६,२८,०००. म्हणजे स्टॉपर नाही, आणि लेफ्ट बॅक घेतला तर हातात काहीच उरत नाही. कागदही सांभाळावे लागतात: घरमालकाने २४ तासांत परदेशी भाडेकरूची माहिती सरकारला कळवायची, आणि आयटीसी, म्हणजे आंतरराष्ट्रीय ट्रान्सफरचा दाखला, आल्याशिवाय खेळाडू मैदानात उतरू शकत नाही. पाच आठवड्यांत हे सगळं बसवणं अवघड आहे.

पगार थकला तर काय होतं तेही कमिटीला सांगा. दोन महिन्यांचा पगार थकला की फिफाच्या नियमाप्रमाणे खेळाडू लेखी नोटीस देतो, १५ दिवसांत पैसे आले नाहीत तर करार मोडतो. देणं चुकतं केलं नाही तर क्लबावर नव्या नोंदणीची बंदी येते. एका खेळाडूपायी सगळा क्लब अडकतो.

त्याऐवजी: स्टॉपर ३५ हजारांनी २,१०,०००; डाव्या पायाचा लेफ्ट बॅक २० हजारांनी १,२०,०००; कीपर-कोच आठवड्याला दोन दिवस, महिना १० हजारांनी ६०,०००. तुमच्या कीपरला बदलू नका. वीस वर्षांच्या पोराला क्रॉससाठी पुढे यायला शिकवता येतं, हातांची चपळाई शिकवता येत नाही. एकूण ३,९०,०००. उरलेल्या ३,५८,००० पैकी विंगरचं आधी बघा.

पेडणे_थ्रोइन
विंगरचं तर सगळ्यात आधी, स्टॉपरच्याही आधी. मे अखेरीस करार संपतो म्हणजे शेवटचे सहा महिने डिसेंबरला सुरू होतात. तेव्हापासून तो दुसऱ्या क्लबाशी पुढच्या सीझनचा करार करू शकतो आणि तुमच्या हाती ट्रान्सफर फीचा रुपया येत नाही. आत्ताच पगार १२ वरून २२ हजार करा, खर्च फक्त ६०,०००, आणि आणखी दोन वर्षांची सही घ्या. तो मोठ्या क्लबात जाऊ इच्छितो तर अडवू नका. रिलीजची, म्हणजे त्याला सोडण्याची, रक्कम करारात लिहा आणि पुढच्या विक्रीत १० टक्के वाटा मागा.

त्याची सीआरएसमधली, म्हणजे फुटबॉल महासंघाच्या नोंदणी प्रणालीतली, जुनी नोंदणीही तपासा. पुढे परदेशी क्लबाने फी भरून त्याला नेलं तर फीच्या ५ टक्क्यांपर्यंत रक्कम त्याला घडवणाऱ्या क्लबांत वाटली जाते: १२ ते १५ वयाच्या प्रत्येक सीझनला ०.२५ टक्के, १६ ते २३ ला ०.५. तो तुमच्याकडे १४ ते १८ नोंदलेला असेल तर २ टक्के, म्हणजे ५० लाखांच्या फीवर १ लाख. पोरगा खेळला पण नोंदणीच केली नाही, तर त्या वर्षाचं काही मिळत नाही. लहान क्लबांचा पैसा नेमका इथे बुडतो, आणि ते बघून जीव तुटतो.

डिचोली_लेफ्टविंग
देव बरें करूं सगळ्यांचं. व्हिडिओ बघून मोजले: ११ पैकी ६ सहा यार्डांत, ३ फर्स्ट पोस्टवर, २ सुटलेल्या चेंडूवर. म्हणजे कीपर-कोच आधी. स्टॉपर लोनवर, म्हणजे दुसऱ्या क्लबाकडून ठरावीक काळासाठी उसना, मिळतोय, निम्मा पगार त्याचा क्लब देणार. घ्यावा का?

फातोर्डा_गॅलरी
घ्या, पण चार गोष्टी कागदावर हव्यात. त्याचा क्लब आपला निम्मा हिस्सा कोणत्या तारखेला देणार. दुखापत झाली तर ऑपरेशनचा खर्च कोणाचा. एसीएल, म्हणजे गुडघ्याचा लिगामेंट, फाटला तर आठ-नऊ महिने जातात, लोन त्याआधीच संपतं. त्याला परत बोलावता येईल का, आणि कोणत्या तारखेनंतर नाही. आणि मूळ क्लबाविरुद्ध तो खेळणार की नाही. सहीआधी दोन्ही गुडघ्यांचा एमआरआय करून घ्या. लोनमुळे वाचलेला लाखभर रुपया आत्ता खर्चू नका. जानेवारीत नोंदणीची विंडो उघडली तर तेव्हाच्या गोलांचा हिशेब बघून स्ट्रायकर ठरवा.