मुलीसाठी एअर रायफल घ्यायचीय, ओपन साईट, पीप का स्कोप? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

इथं बरेच दिवस वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आम्ही कोल्हापूर जिल्ह्यातले, तालुक्याच्या गावी राहतो. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसळेनं ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) ब्राँझ घेतलं तेव्हा मुलगी टीव्हीसमोर मांडी घालून बसली होती. पहिला प्रश्न, "कांबळवाडी राधानगरी तालुक्यातच ना पप्पा, मग जवळच आहे की." दुसरा प्रश्न, "मला शिकता येईल का." तेव्हा लहान होती, म्हणलं विसरेल. विसरली नाही. आता अकरा पूर्ण झालीत आणि जूनपासून शनिवार-रविवार तिला कोल्हापूरला एका रेंजवर नेतोय, १० मीटर एअर रायफल, क्लबचीच गन वापरते.

अडचण अशी की चार पोरांत एक रायफल, दोन तासांत तिच्या वाट्याला जेमतेम चाळीस शॉट येतात. म्हणून स्वतःची घ्यायची ठरवलीय. ४.५ मिमी, २० ज्यूलच्या आतली, म्हणजे लायसन्सचा प्रश्न नाही. शिकार-बिकार काही नाही, फक्त कागदी टार्गेट. पण नेम धरायची साईट कोणती (ओपन म्हणजे मागच्या खाचेतून पुढचं टोक बघायचं, पीप म्हणजे मागं खाचेऐवजी बारीक भोक, स्कोप म्हणजे दुर्बीण) यावर तीन माणसं तीन गोष्टी सांगतायत आणि माझं डोकं चालेना झालंय.

रेंजवरचे सर म्हणतात आधी ओपन साईटवर किमान सहा महिने काढा, शालेय स्पर्धेत ओपन साईटचा गट वेगळा असतोच, तिथं खेळू दे, मग पीपचं बघू. माझा मेव्हणा म्हणतो की शेवटी पीपच घ्यायचीय तर दोनदा खर्च कशाला, सेकंडहँड पीसीपी (दाबलेल्या हवेची टाकी असलेली रायफल) बघ आणि मोकळा हो. आणि दुकानदार म्हणतो स्प्रिंगची रायफल घ्या, वर ४×३२ चा स्कोप फ्री देतो, पोरीला पहिल्या दिवसापासून नेम लागेल, नेम लागला की आवड टिकते.

दुकानदाराचं शेवटचं वाक्य मला खरंच पटलं होतं. कारण सुरुवातीला ती रेंजवरून आली की गाडीत गप्प बसायची, पाच शॉट पाच दिशेला गेलेले असायचे. पण चुलतभावाकडं शेतावर अशीच एक स्प्रिंगची गन आहे, स्कोपवाली, दिवाळीत तिच्यावर हात मारून बघितला. सकाळी झिरो केला, म्हणजे स्कोप नेमाला जुळवला, दुपारपर्यंत ग्रुप (छर्र्यांचा पुंजका) दोन इंच डावीकडं. माउंट (स्कोपला गनच्या रेलवर धरणारी पकड) हातानं हलवून बघितला तर रेलवर मागं सरकलेला, रेलवर चकचकीत ओरखडा उठला होता. परत घट्ट केला, परत तेच. हे त्या गनचंच दुखणं आहे का स्प्रिंगवर स्कोपचं असंच होतं?

अजून एक गोष्ट, कदाचित महत्त्वाची असेल. ती उजव्या हाताची आहे पण नेम धरताना डावा डोळा इतका गच्च मिटते की गाल वर चढतो आणि उजवा डोळापण अर्धा बारीक होतो. पंधरावीस शॉटनंतर डोळ्यात पाणी येतं. मागच्या रविवारी मी शेजारी उभा राहून बघत होतो, ती श्वास सोडून थांबली, थांबली, मग रायफल खाली घेतली आणि म्हणाली, "पप्पा, काळं दिसतंय तर काडी दिसत नाही, काडी बघितली तर काळं पुसट होतंय." काळं म्हणजे टार्गेटचा काळा गोल, काडी म्हणजे पुढची साईट.

आणि आता माझं. कॉलेजला एनसीसीत होतो, पॉइंट टू-टू वर फायर केलंय, तेव्हापासून मनात राहिलंय. आता वय ४७, जवळचा चष्मा आहे, ओपन साईट धरली की मागची खाच, पुढची काडी, टार्गेट, तिन्ही धुकट. स्कोपमधून मात्र सगळं लख्ख दिसलं. मला तिच्याबरोबर खेळायचंय, नुसतं बाकावर बसून डबा सांभाळायचा नाहीय. बजेट एकाच रायफलचं आहे. दोघांना चालेल असं काही आहे का? का माझा हट्ट बाजूला ठेवून फक्त तिचा विचार करू? अनुभवी लोकांनी कृपया सांगा, पुढच्या महिन्यात पैसे मोकळे होतायत.

प्रतिसाद

दादा, मी आठ वर्षं स्टेट खेळले, आता लहान मुलांना शिकवते. स्कोप आधी बाजूला काढा. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) रायफल प्रकारात रायफलवर दुर्बीण किंवा लेन्स चालतच नाही, १० मीटरला नाही आणि ५० मीटरलाही नाही. तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोनची (पालथं झोपून) वर्ल्ड चॅम्पियन झाली तीपण पीपच्या भोकातून बघूनच, स्वप्नीलनं ब्राँझ घेतलं तेही तसंच. स्कोपवर सवय लागली की मुलगी टार्गेट बघायला शिकते, आणि आपल्या खेळात शिकायचं असतं पुढची साईट बघायला.

तिला काळं पुसट दिसतंय ना, ती बरोबर करतेय हो! तिला सांगा काडी स्पष्ट हवी, काळं पुसटच राहणार. कारण हिशोबानं सांगते. दोन साईटमधलं अंतर अर्धा मीटर धरा. मागच्या खाचेत पुढची साईट ०.१ मिमी जरी एका बाजूला गेली तर १० मीटरवर ते वीसपट होतं, म्हणजे २ मिमी. आपल्या टार्गेटवर एक रिंग अडीच मिमीची, म्हणजे केसाएवढ्या चुकीत जवळजवळ एक पॉइंट गेला. पण साईट एकमेकींत नीट बसलेल्या असतील आणि अख्खी रायफलच सरळच्या सरळ २ मिमी बाजूला हलली, तर छर्रा तेवढाच २ मिमी बाजूला लागतो, वीसपट होत नाही. म्हणून मुलांना सांगते, रायफल हलू दे, साईट तुटू देऊ नको, म्हणजे दोन साईटची जुळणी बिघडू देऊ नको. हे ओपन साईटवर लवकर कळतं कारण चूक लपत नाही. दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा आहे, तिथं पोचायचं तर हीच सवय लागते.

डोळा मिटू देऊ नका. डाव्या डोळ्यापुढं पांढऱ्या प्लास्टिकची पट्टी लावा, ३० मिमीपेक्षा रुंद नको, नियमात तेवढीच बसते. दोन्ही डोळे उघडे ठेवले की गाल सैल पडतो आणि पाणी थांबतं. आणि एकदा डोळ्याची चाचणी करा, दोन्ही हात लांब करून पंजांमध्ये छोटं भोक करायला सांगा, त्यातून लांबची वस्तू बघायची, मग एकेक डोळा झाका. उजवा झाकल्यावरही वस्तू भोकात दिसत राहिली तर तिचा जोरातला डोळा डावा आहे. मग घाईनं काही घेऊ नका, आधी सरांशी बोला, काही मुलींना आम्ही सरळ डाव्या खांद्यावर नेलंय आणि फरक पडलाय.

प्रतिसाद

स्कोप सरकतो ते त्या गनचं दुखणं नाही. स्प्रिंगच्या गनला दोन झटके असतात, पिस्टन पुढं सुटताना गन मागं येते आणि पिस्टन तळाला आदळला की उलट पुढं झटका. साधे स्कोप फक्त मागच्या झटक्यासाठी बनवलेले असतात, पुढच्या झटक्यानं आतली काच आणि क्रॉसहेअर (नेमाची फुली) ढिले होतात. माउंटला स्टॉप पिन (रेलमध्ये अडकणारी खीळ) नसेल तर सरकणारच. शिवाय फ्रीमध्ये मिळणाऱ्या बहुतेक स्कोपचं पॅरलॅक्स लांब अंतराला सेट असतं, १० मीटरवर डोकं जरा हललं की क्रॉसहेअर टार्गेटवर फिरताना दिसतो. स्कोप शेतावर डबे पाडायला मस्त आहे, मीही वापरतो, पण पोरीच्या खेळासाठी नको.

आणि बॅरल मोडून कॉक करायची (स्प्रिंग ताणायची) गन असेल तर अकरा वर्षांच्या पोरीला ती झेपत नाही, प्रत्येक शॉटला तुम्हालाच करून द्यावी लागेल, आणि कॉक करताना बॅरल हातातून सोडायची नाही, बोटं जातात. घरी सराव करणार असाल तर टार्गेटच्या मागं पेलेट ट्रॅप (छर्रे अडवणारी पेटी) हवाच, नुसती फळी नको.

धागाकर्ता

ताई, दादा, मनापासून धन्यवाद. पंजांच्या भोकाची चाचणी काल रात्री केली, उजवाच डोळा निघाला, जीव भांड्यात पडला. पांढरी पट्टी दह्याच्या डब्याच्या झाकणाची कापून टोपीला लावलीय, आज तीस शॉट मारले, डोळ्यात पाणी नाही.

म्हणजे आत्ता ओपन साईट, एवढं पक्कं. पण ताई, माझ्यासाठी काही सुचवाल का? पीपमधून माझ्या वयाला दिसेल का?

प्रतिसाद

दिसेल दादा, उलट पीप तुमच्यासारख्यांनाच जास्त मदत करते. बारीक भोकातून बघितलं की जवळचं लांबचं दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट होतं, सुईनं कागदाला भोक पाडून चष्म्याशिवाय पेपर वाचून बघा म्हणजे कळेल. आणि रायफलवर लेन्स चालत नसली तरी डोळ्यावर चष्मा चालतो. डॉक्टरकडं जाताना रायफल नेऊ नका, पोझिशन घेऊन डोळ्यापासून पुढच्या साईटपर्यंतचं अंतर टेपनं मोजून न्या आणि त्या अंतराला स्पष्ट दिसेल असा नंबर मागा. वाचायचा चष्मा इथं उपयोगाचा नाही, त्याचं अंतर फार जवळचं.

तिच्यासाठी रायफल घेताना साईटपेक्षा बटची (खांद्याला टेकणाऱ्या मागच्या भागाची) लांबी आणि वजन आधी बघा. नियमात साडेपाच किलोपर्यंत चालते म्हणून तेवढी घ्यायची नसते. तिच्या खांद्याला लावून, गाल टेकवून डोळा आपोआप खाचेमागं येतो का बघा. मान पुढं ताणावी लागत असेल तर ती रायफल नको, कितीही स्वस्त मिळत असली तरी. सहा महिन्यांनी पीप घ्याल तेव्हा बट लांब-आखूड करता येणारी घ्या, मग तीच तुम्हालाही लावता येईल.

धागाकर्ता

हे लक्षातच आलं नव्हतं. शनिवारी तिला घेऊनच दुकानात जातो, टेप खिशात ठेवलीय. क्लबची गन लावून तिचा फोटो काढलाय बाजूनं, इथं टाकतो, मान ताणली जातेय का जरा बघून सांगाल का ताई?