हाडं-स्नायूंच्या संशोधकाचं काम पेपर मोजून ठरवायचं का?

तळटीप:
'हाडांचं आरोग्य आणि स्नायूंचे विकार या विषयांवर इतके पेपर' अशी ओळख करून दिली की सगळे माना डोलावतात. माझं मत स्पष्ट आहे, हा आकडा सांगणं बंद करा. जपानचे योशिहिरो सातो आठवा. पक्षाघात, पार्किन्सन, अल्झायमरच्या रुग्णांचं खुब्याचं हाड मोडू नये म्हणून त्यांनी चाचण्यांवर चाचण्या छापल्या. २००५ साली 'जामा' या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या चाचणीत पक्षाघाताचे ६२८ रुग्ण होते. फोलेट आणि बी-१२ दिल्यावर खुब्याची फ्रॅक्चर्स कमालीची घटली, असा दावा. २०१६ मध्ये तो पेपर मागे घेतला गेला. आज त्यांचे मागे घेतलेले पेपर शंभराच्या वर आहेत. एकेकाळी हीच यादी भारदस्त वाटत होती!

सरासरी:
साफ असहमत. सातो सापडले ते यादीमुळेच. ऑकलंड आणि ॲबर्डीनच्या चौघांनी त्यांच्या ३३ चाचण्या शेजारी-शेजारी ठेवून तपासल्या. रुग्णांचे दोन गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे पाडले की वय, वजन अशा गोष्टींत योगायोगाने फरक पडतोच, कुठे जास्त, कुठे नगण्य. इथे तो पडायला हवा तसा पडत नव्हता, म्हणजे आकड्यांवरच संशय. एकच पेपर वाचून हे कुणाच्या लक्षात आलं असतं? आणि आकडे नकोत तर नेमणुका कशावर करायच्या, विभागप्रमुखांच्या मर्जीवर? ओळखीपाळखी नसलेल्या तरुणाच्या हातात पेपरांशिवाय असतं काय?

मुक्तछंद:
मी फिजिओथेरपिस्ट, ड्युशेनची (स्नायू हळूहळू झिजवणारा आनुवंशिक आजार) मुलं रोज बघते. स्टिरॉइडमुळे त्यांचं चालणं जास्त काळ टिकतं, पण हाडं ठिसूळ होतात. मणका दबतो आणि कित्येकदा मूल दुखतंय असंही म्हणत नाही. पाठीचा बाजूने एक्स-रे काढला की एखादा मणका पुढून चेपून पाचरीसारखा झालेला दिसतो, तेव्हा कुठे कळतं. स्नायू वाचवणारं औषधच हाड पोखरतंय, यावर काम करणारे लोक आम्हाला हवे आहेत. पण आजार दुर्मीळ, एका केंद्रात रुग्ण मोजके, आणि परिणाम दिसायला वर्षं जातात. असा संशोधक पेपर देणार किती? त्याच वेळी दुसरा कुणी जुन्या डेक्सा स्कॅनच्या (हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीच्या) नोंदी पुन्हा पुन्हा चाळून भराभर पेपर काढतो. दोघांना एकच पट्टी लावली तर पहिला हा विषयच सोडून देईल. मला याची खरंच भीती वाटते.

सरासरी:
ताई, तुमचा मुद्दा मान्य. पण तो दोष मोजण्याचा नाही, एकच गोष्ट मोजण्याचा आहे. पहिलं नाव कुणाचं, चाचणी सुरू होण्याआधी नोंदवली होती का, पेपर पुढे कितीजणांनी वापरला, हेही बघता येतं. एच-इंडेक्स २० म्हणजे निदान २० वेळा उद्धृत झालेले २० पेपर. नुसत्या संख्येपेक्षा हे बरं.

तळटीप:
उद्धृत तर सातोही होत होते! त्यांच्या चाचण्या इतरांच्या एकत्रित विश्लेषणांत शिरल्या, तिथून डॉक्टरांपर्यंत पोचल्या. शिवाय सार्कोपेनिया, म्हणजे वयानुसार स्नायू आणि ताकद घटणं, घ्या. युरोपीय गटाच्या २०१० च्या व्याख्येत स्नायूंचं प्रमाण घटणं ही पहिली अट होती. २०१९ च्या सुधारणेत ताकद पुढे आली: मुठीची पकड पुरुषांत २७ किलोच्या खाली, स्त्रियांत १६ च्या. म्हणजे एकाच माणसाच्या यादीतले दोन पेपर वेगवेगळ्या रुग्णांबद्दल असू शकतात. आत डोकावल्याशिवाय हे कळणार कसं?

पानगळ:
मी निवड समितीवर बसतो. अर्जांचा ढीग असतो, प्रत्येकाचे सगळे पेपर कोण वाचणार?

तळटीप:
सगळे नकोतच. उमेदवारालाच पाच निवडायला सांगा आणि ते पाच नीट वाचा.

सरासरी:
वाचा, पण उरलेली यादी झाकू नका. सातोंना पाच निवडायला सांगितलं असतं तर त्यांनी 'जामा'चा पेपर सगळ्यात वर ठेवला असता.

मुक्तछंद:
मग त्या पाचांपैकी एकाच्या तरी रुग्णांच्या मूळ नोंदी मागा, नावं झाकून. ज्यानं खरोखर रुग्ण तपासले आहेत, त्याला त्या दाखवता येतील.