‘ही गो’ सुटत नाही, त्यावर

ताई, दुसरीतला मुलगा इंग्रजीच्या वर्कबुकात ‘ही गोज’ बरोबर लिहितो आणि बोलताना ‘ही गो’ म्हणतो, असं तुम्ही लिहिलंय. इतरांनी आणखी वर्कशीट्स सुचवल्यात, पण त्यांनी हे सुटणार नाही. गाळलेली जागा भरताना क्रियापद समोर असतं, नियम आठवायला वेळ असतो. बोलताना दोन्ही नसतं. सराव तोंडीच हवा.

सहाच क्रियापदं घ्या: ईट, ड्रिंक, प्ले, रीड, गो, वॉच. आय, यू, ही, शी, दे अशा चिठ्ठ्या करा. चिठ्ठी उचलायची आणि पूर्ण वाक्य म्हणायचं: ‘आय ईट पोहे’, ‘शी ईट्स पोहे’, ‘ही गोज टू राजवाडा’. इंदूरच्या पोराला पोहे, राजवाडा हे शब्द शोधावे लागत नाहीत, सगळं लक्ष क्रियापदावर राहतं. रोज १० मिनिटं पुरेत. शेवटचा आवाज कान देऊन ऐका: ईट्सला ‘स’, प्लेजला ‘झ’, वॉचेसला ‘इझ’. तो गिळला तर नियम सांगू नका, वाक्य बरोबर म्हणून दाखवा.

‘डज ही गो?’ असे ‘डज’चे प्रश्न मात्र आत्ता नकोत. दोन्ही एकदम घेतले की ‘डज ही गोज’ सुरू होतं. आधी ‘ही गोज’ न अडखळता येऊ द्या. मग ‘ईएस’ वेगळ्या कागदावर लिहून ‘गो’पुढे ठेवा, प्रश्न करताना तोच कागद उचलून ‘डू’पुढे न्या. ‘गो’ मोकळा राहिलेला त्याला डोळ्यांनी दिसतो.